संगणक गुन्ह्यांवरील संशोधनाचा कल कसा शोधावा

संगणक गुन्ह्यांवर पदव्युत्तर प्रबंध किंवा पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच प्रकरणात एक काम करावे लागते. या विषयाचा अभ्यास आजवर कोणी आणि कोणत्या पद्धतीने केला, आणि संशोधनाचा ओघ आता कोणत्या दिशेला वळला आहे, हे त्याला दाखवायचे असते. हल्ली हे काम फार सोपे वाटते, कारण एखाद्या माहितीसाठ्यात एक शब्द टाकला की काही क्षणांत शोधनिबंधांचा वर्षवार आलेख समोर येतो. तो आलेख जवळजवळ नेहमीच वर चढत गेलेला असतो, आणि त्याखाली ‘सायबर गुन्हे झपाट्याने वाढत असल्यामुळे त्यांवरील संशोधनही वाढत आहे’ असे वाक्य लिहून विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे जातो.

हे वाक्य घाईचे आहे, आणि ते सिद्ध करण्याची तसदी फार थोडे जण घेतात. शोधनिबंधांची संख्या बहुतेक वेळा गुन्ह्यांच्या मागून न चालता संशोधकांच्या हाती लागलेल्या विदेच्या (म्हणजे डेटाच्या), नव्याने झालेल्या कायद्यांच्या आणि त्या त्या काळी उपलब्ध झालेल्या निधीच्या मागून चालते. म्हणून आलेखातला प्रत्येक चढ पाहताना ‘त्या वर्षी गुन्हे वाढले का?’ या प्रश्नाआधी ‘त्या वर्षी कोणती नवी विदा अभ्यासकांना मिळू लागली?’ हा प्रश्न विचारावा. पुढील सर्व पायऱ्या हा प्रश्न नीट विचारता यावा यासाठी आहेत.

प्रश्न आखून घेणे

‘सायबर गुन्ह्यांवरील संशोधनाचा कल’ हा विषय एका प्रकरणासाठी फार मोठा आहे, त्यामुळे तो सुरुवातीलाच कापून घ्यावा. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी मॅग्वायर आणि डाउलिंग यांनी २०१३ मध्ये केलेल्या आढाव्यातील विभागणी येथे उपयोगी पडते. संगणकाशिवाय घडूच शकत नाहीत असे गुन्हे, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरकाव करणे किंवा खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर सोडणे, हा एक गट. पूर्वीपासून घडणारे, पण संगणक आणि इंटरनेटच्या जाळ्यामुळे ज्यांची व्याप्ती व वेग वाढला असे फसवणुकीसारखे गुन्हे, हा दुसरा गट. या दोन गटांचा अभ्यास करणारे लोक वेगळे आहेत, त्यांची नियतकालिके वेगळी आहेत आणि त्यांच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. दोन्ही गट एकाच आलेखात मिसळले, तर मिळणारा कल कोणाचाच नसतो.

त्यानंतर कालखंड ठरवावा. चालू वर्ष आलेखात कधीही घेऊ नये, कारण निबंध प्रसिद्ध होणे आणि माहितीसाठ्यात त्याची नोंद होणे यांत बरेच महिने जातात. चालू वर्षाचा स्तंभ त्यामुळे आखूड दिसतो, आणि ‘अलीकडे या विषयातील रस ओसरला आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

शोधशब्दांची यादी

हे काम कंटाळवाणे असले तरी संपूर्ण अभ्यासाची विश्वसनीयता त्यावरच उभी असते, म्हणून त्याला पुरेसा वेळ द्यावा. आज सर्वत्र ‘सायबरक्राइम’ हा शब्द चालतो. १९७० च्या दशकात मात्र अभ्यासक ‘कॉम्प्युटर अब्यूज’ आणि ‘कॉम्प्युटर क्राइम’ असे म्हणत होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या १९८६ च्या अहवालात आणि युरोप परिषदेच्या १९८९ च्या शिफारशीत ‘कॉम्प्युटर-रिलेटेड क्राइम’ असा प्रयोग आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्यामुळे ‘कॉम्प्युटर मिसयूज’ रूढ झाला आणि तिथल्या सरकारी आकडेवारीत तो आजही वापरला जातो. ज्याने केवळ ‘सायबरक्राइम’ हा एकच शब्द शोधला, त्याच्या आलेखात २००० पूर्वी जवळजवळ काहीच दिसणार नाही. हा विषय एकविसाव्या शतकात जन्मला असा त्याचा समज होईल, आणि तीन दशकांचे काम त्याच्या नजरेआड राहील.

इंग्रजीत हा शब्द जोडून, तोडून आणि मध्ये आडवी रेघ देऊनही लिहिला जातो, त्यामुळे तिन्ही रूपे शोधात घालावीत. शब्दाच्या मूळ रूपापुढे तारांकन (*) देऊन एकवचन व अनेकवचन एकत्र पकडावे. त्याशिवाय विशिष्ट गुन्ह्यांची नावे घालावीत, पण इथे उलट्या बाजूचा धोका असतो. ‘हॅकिंग’ शोधले की इयान हॅकिंग या तत्त्वज्ञांविषयीचे निबंध येतात. ‘सिल्क रोड’ शोधले की अमली पदार्थांच्या छुप्या बाजारपेठेबरोबर मध्य आशियातील प्राचीन व्यापारी मार्गाचा इतिहास येतो. चोरलेल्या कार्डांच्या व्यवहारासाठी वापरला जाणारा ‘कार्डिंग’ हा शब्द वस्त्रोद्योगात कापूस पिंजण्यासाठी आहे. ‘व्हायरस’ आणि ‘वर्म’ यांबद्दल तर वेगळे सांगायला नको. असे दुहेरी अर्थाचे शब्द एकटे न टाकता ‘क्राइम’, ‘फ्रॉड’, ‘ऑफेंडर’ किंवा ‘सिक्युरिटी’ यांपैकी एखाद्या शब्दाशी जोडून टाकावेत. ‘बॉटनेट’ (गुन्हेगाराने ताब्यात घेतलेल्या संगणकांचे जाळे), ‘रॅन्समवेअर’, ‘फिशिंग’ हे शब्द मात्र एकटेही पुरेसे नेमके आहेत.

यादी पूर्ण झाली की नाही, हे तपासण्याची एक खात्रीची रीत आहे. विषयातील तज्ज्ञ ज्यांना महत्त्वाचे मानतात असे वीस-पंचवीस निबंध आधीच हाताने निवडून ठेवावेत आणि तयार केलेल्या शोधसूत्राने त्यांपैकी किती सापडतात ते पाहावे. एखादा निसटला तर त्याचे शीर्षक व गोषवारा वाचून कोणता शब्द राहिला ते शोधावे आणि सूत्र सुधारावे.

माहितीसाठ्याची निवड

कोणता माहितीसाठा वापरला यावर कलाचे चित्र फार बदलते, आणि प्रबंधांमध्ये ही गोष्ट क्वचितच मान्य केली जाते. संगणकशास्त्रातले महत्त्वाचे काम परिषदांमध्ये सादर होते. युझेनिक्स सिक्युरिटी, आयट्रिपलई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी आणि एसीएमची सीसीएस या परिषदांत निबंध स्वीकारला जाणे हे त्या क्षेत्रात नियतकालिकापेक्षा कमी समजले जात नाही. गुन्हेगारीशास्त्र नियतकालिकांतून बोलते, तर कायद्याचे बरेच लेखन पुस्तकांत आणि विधी महाविद्यालयांच्या पत्रिकांत असते. नियतकालिकांवर भर देणारा माहितीसाठा घेतला तर हा विषय समाजशास्त्रज्ञांचा वाटेल, आणि परिषदांचा भरणा असलेला घेतला तर तो अभियंत्यांचा वाटेल.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे शोधनिबंधांच्या नोंदींचे दोन मोठे माहितीसाठे सशुल्क आहेत. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके वाचता येऊ लागली आहेत, तेव्हा आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे चौकशी करावी. ज्यांना सशुल्क साठ्यांची सोय नाही त्यांनी २०२२ मध्ये खुला झालेला ओपनअ‍ॅलेक्स हा साठा वापरावा. त्याची विदा मोफत आहे आणि त्यातील नोंदी एकगठ्ठा उतरवून घेता येतात. गूगल स्कॉलर एखादा निबंध शोधायला उत्तम आहे, पण मोजणीसाठी त्यावर विसंबू नये, कारण त्यातील निकालांची एकूण संख्या अंदाजे असते आणि सर्व नोंदी व्यवस्थित उतरवता येत नाहीत. भारतीय प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे शोधगंगा हे भांडार आहे. त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच देशात आपल्याच विषयावर काय झाले आहे हे कळत नाही, आणि एकच विषय पुन्हा पुन्हा नोंदवला जातो.

किमान दोन साठ्यांतून नोंदी घ्याव्यात, डीओआय क्रमांकावरून (प्रत्येक निबंधाला मिळणाऱ्या कायमस्वरूपी ओळखक्रमांकावरून) दुबार नोंदी काढाव्यात, आणि कोणत्या तारखेला, कोणत्या सूत्राने, कोणत्या साठ्यातून किती नोंदी मिळाल्या, त्यांतल्या किती कोणत्या कारणाने वगळल्या, हे प्रिझ्मा २०२० च्या आकृतीप्रमाणे लिहून ठेवावे. ही आकृती वैद्यकीय संशोधनातील आढाव्यांसाठी तयार झाली असली तरी येथेही ती तितकीच उपयोगी आहे.

मोजणी

डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते की वैज्ञानिक लेखनाची एकूण संख्या चक्रवाढ गतीने वाढत जाते. याचा साधा अर्थ असा की जवळजवळ कोणत्याही विषयाचा आलेख वरच चढतो, मग तो संगणक गुन्ह्यांचा असो वा मृदाशास्त्राचा. समजा, एका वर्षी गुन्हेगारीशास्त्रात ८,००० निबंध प्रसिद्ध झाले आणि त्यांतील ४० संगणक गुन्ह्यांवर होते; काही वर्षांनी एकूण निबंध १८,००० झाले आणि संगणक गुन्ह्यांवरचे ९० झाले. संख्या दुपटीहून अधिक वाढली, पण प्रमाण दोन्ही वेळा अर्धा टक्काच आहे. म्हणून आलेख नेहमी प्रमाणाचा काढावा, आणि छेदस्थानी कोणते क्षेत्र घेतले ते स्पष्ट सांगावे.

एखाद्या निबंधाचा संदर्भ किती वेळा दिला गेला, ही संख्या वापरताना तर आणखी जपावे. २००५ च्या निबंधाला संदर्भ जमवायला दोन दशके मिळाली आहेत, २०२३ च्या निबंधाला फार थोडा काळ मिळाला आहे. त्यामुळे प्रसिद्धीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत मिळालेले संदर्भ असा समान निकष सर्वांना लावावा.

विदेचा माग काढत वाचणे

आता खरे काम सुरू होते. निवडलेल्या निबंधांपैकी निदान शंभर-दीडशे निबंध प्रत्यक्ष वाचून प्रत्येकासाठी एक ओळ भरावी: कोणता गुन्हा, कोणता सिद्धान्त, कोणती पद्धत, आणि विदा आली कोठून. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो भरत गेले की या क्षेत्राचा इतिहास आपोआप उलगडू लागतो, आणि तो तंत्रज्ञानाच्या इतिहासापेक्षा बराच वेगळा दिसतो.

सुरुवातीच्या काळात विदा म्हणजे गोळा केलेली प्रकरणे होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील डॉन पार्कर यांनी १९७० च्या दशकात संगणकाच्या गैरवापराची प्रकरणे जमवायला सुरुवात केली आणि त्यावर आधारित पुस्तक १९७६ मध्ये आले. १९८० च्या सुमारास जॉन टेबर यांनी त्यावर आक्षेप घेतला की यांतली अनेक प्रकरणे वर्तमानपत्री बातम्यांवर आधारलेली असून त्यांची पडताळणी झालेली नाही. हा वाद आवर्जून वाचावा, कारण आज खासगी सुरक्षा कंपन्यांच्या अहवालांवर आधारलेल्या संशोधनाबाबत नेमका तोच प्रश्न उभा आहे.

१९८६ मध्ये अमेरिकेत संगणक फसवणूक व गैरवापराचा कायदा झाला, २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेल्या मॉरिस वर्मने त्या वेळच्या इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला, आणि त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले सर्ट, म्हणजे संगणकांवरील हल्ल्यांना तोंड देणारे पथक, स्थापन झाले. त्या काळातील लेखनावर हॅकर या व्यक्तीचे कुतूहल पसरलेले आहे. गॉर्डन मेयर यांचा १९८९ चा पदव्युत्तर प्रबंध फोनद्वारे जोडल्या जाणाऱ्या संगणकी सूचनाफलकांवरील मंडळींच्या सामाजिक रचनेवर आहे, आणि पुढच्या कितीतरी अभ्यासांचा पाया त्यात दिसतो. पाहा, येथेही विदेचा उगम महत्त्वाचा आहे: ती मंडळी एकमेकांशी लेखी बोलत होती आणि ते लेखन साठत होते, म्हणून हा अभ्यास शक्य झाला.

२००० नंतरचा टप्पा सिद्धान्तांचा. पीटर ग्रॅबोस्की यांनी २००१ मध्ये विचारले की हे गुन्हे खरोखर नवे आहेत, की जुन्याच गुन्ह्यांना नवे साधन मिळाले आहे. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला दैनंदिन व्यवहारांचा सिद्धान्त असे सांगतो की प्रवृत्त गुन्हेगार, योग्य लक्ष्य आणि सक्षम रखवालदाराचा अभाव हे तिन्ही एका जागी, एका वेळी जुळून आले की गुन्हा घडतो. जाळ्यावर ‘एक जागा’ आणि ‘एक वेळ’ म्हणजे काय, हा प्रश्न माजिद यार यांनी २००५ मध्ये उपस्थित केला. २००७ मध्ये तिरुनेलवेलीच्या मनोनमणियम सुंदरनार विद्यापीठातील के. जयशंकर यांनी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सायबर क्रिमिनॉलॉजी’ सुरू केले आणि त्याच सुमारास अवकाश-संक्रमणाचा सिद्धान्त मांडला. प्रत्यक्ष जगात कायदा पाळणारा माणूस आभासी जगात वेगळा का वागतो, याचे उत्तर तो शोधतो. भारतातून आलेला हा मूळ सिद्धान्त भारतीय प्रबंधांत नुसता उल्लेखून सोडून दिला जातो, याचे वाईट वाटते. त्याची विधाने प्रत्यक्ष विदेवर तपासणारे काम व्हायला हवे.

या टप्प्यातील बरेच अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्यांवर आधारलेले आहेत. कारण उघड आहे: विद्यार्थी प्राध्यापकाच्या समोरच बसलेले असतात. रकाना भरताना हे आढळले की थांबून विचार करावा. विशीतल्या मुलांच्या उत्तरांवरून निवृत्तीच्या रकमेची फसवणूक झालेल्या सत्तर वर्षांच्या माणसाबद्दल काय सांगता येईल? लॉयकफेल्ट आणि यार यांचा २०१६ चा अभ्यास नेदरलँड्समधील नऊ हजारांहून अधिक नागरिकांच्या नमुन्यावर आहे. गुन्ह्यागणिक सिद्धान्ताचे घटक वेगवेगळे चालतात असे त्यात दिसले; सर्वांत सातत्याने प्रभाव दिसला तो जाळ्यावर दृश्य असण्याचा.

त्याच काळात संगणकशास्त्रज्ञांनी दुसऱ्या टोकाकडून खणायला सुरुवात केली होती, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मौलिक काम तिथे झाले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील गटाने एका स्पॅम पसरवणाऱ्या जाळ्याचा माग काढून दाखवले की जवळपास ३५ कोटी ई-मेलमागे केवळ २८ विक्रीचे व्यवहार झाले. २०११ मध्ये त्याच वर्तुळातील संशोधकांनी स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधांची, नकली वस्तूंची आणि सॉफ्टवेअरची खरेदी स्वतः करून पैसा कोणत्या बँकांतून जातो ते पाहिले, तेव्हा ९५ टक्के व्यवहार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या बँकांमधून होत असल्याचे आढळले. गुन्हेगारांची संख्या अफाट असली तरी पैशाची वाट अरुंद असते, हे त्यातून सिद्ध झाले, आणि रोखण्याची जागा कोठे आहे तेही दिसले. २०१३ मध्ये निकोला क्रिस्टिन यांनी सिल्क रोड या छुप्या बाजारपेठेची मोजदाद प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सायबर गुन्ह्यांचे केंद्र स्थापन झाले आणि २०१८ मध्ये भूमिगत मंचांवरील संभाषणांचा क्राइमबीबी हा साठा त्यांनी करार करणाऱ्या संशोधकांना खुला केला. छुप्या मंचांवरील निबंधांच्या संख्येकडे पाहताना हे साल डोळ्यांसमोर ठेवावे. त्यानंतर आलेल्या निबंधांपैकी किती या साठ्यावर उभे आहेत ते आपल्या तक्त्यातून मोजावे, म्हणजे विदा खुली होण्याचा परिणाम आकड्यांत दाखवता येईल.

करोनाकाळातील अभ्यासांबाबत इतकेच: ते घाईत लिहिलेले, छोट्या कालावधीचे आणि संख्येने पुष्कळ आहेत, तेव्हा २०२० ते २०२२ हा काळ आलेखात वेगळ्या रंगाने दाखवावा.

आकडा उद्धृत करण्यापूर्वी

कल मांडताना प्रबंधाच्या सुरुवातीस ‘सायबर गुन्ह्यांमुळे जगाचे दरवर्षी इतके लक्ष कोटींचे नुकसान होते’ असा आकडा देण्याची पद्धत पडली आहे. असा आकडा देण्यापूर्वी फ्लोरेन्सियो आणि हर्ली यांचा २०११ चा निबंध वाचावा. हजार लोकांच्या सर्वेक्षणात एकाने ५०,००० डॉलर गमावल्याचे सांगितले आणि ते उत्तर २० कोटी लोकसंख्येला लावले, तर त्या एका उत्तरातून १० अब्ज डॉलरचे नुकसान तयार होते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत इथे चालत नाही, कारण बहुतेकांचे नुकसान शून्य असते आणि मोजक्यांचे प्रचंड असते. रॉस अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये हाच खर्च वेगळ्या रीतीने मोजला. गुन्हेगाराची कमाई, पीडितांचे नुकसान आणि बचावावरचा खर्च असे भाग त्यांनी वेगळे केले, आणि गुन्हेगाराला मिळणाऱ्या रकमेपेक्षा समाजाला सोसावा लागणारा अप्रत्यक्ष खर्च अनेक प्रकारांत कितीतरी मोठा असल्याचे दाखवले.

मोजण्याची रीत बदलली की आकडे उसळतात, हेही ध्यानात ठेवावे. इंग्लंड व वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणात फसवणूक आणि संगणकाचा गैरवापर यांविषयीचे प्रश्न ऑक्टोबर २०१५ पासून घातले गेले. त्या आधीच्या व नंतरच्या एकूण आकड्यांची थेट तुलना करणारा निबंध सापडला, तर तो तक्त्यात घ्यावा, पण त्याच्या निष्कर्षापुढे खूण करावी.

भारताबाबत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सर्रास दिले जातात. त्यांनुसार देशात २०२१ मध्ये ५२,९७४ आणि २०२२ मध्ये ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले, म्हणजे एका वर्षात सुमारे २४ टक्क्यांची वाढ. पण हे नोंदलेले गुन्हे आहेत. शिवाय एकाच प्रकरणात अनेक कलमे असतील तर हा विभाग सर्वाधिक शिक्षेचे मुख्य कलम धरून मोजतो, त्यामुळे काही प्रकरणे दुसऱ्या शीर्षाखाली जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय तक्रार पोर्टल आणि १९३० हा मदतक्रमांक यांवर येणाऱ्या तक्रारींची संख्या नोंदलेल्या गुन्ह्यांहून कितीतरी अधिक असते. एका बाजूला तक्रारी आणि दुसऱ्या बाजूला प्राथमिक माहिती अहवाल, यांतली दरी हाच मुळी संशोधनाचा विषय आहे, आणि महाराष्ट्रात बसून करता येण्याजोगा आहे.

नकाशे आणि त्यांतील सापळे

लायडन विद्यापीठातील व्हीओएसव्ह्यूअर आणि आर भाषेतील बिब्लिओमेट्रिक्स ही दोन्ही साधने मोफत आहेत, आणि शब्दांचे किंवा निबंधांचे परस्परसंबंध दाखवणारे त्यांतून निघणारे रंगीत नकाशे देखणे असतात. ते काढण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. एक, स्कोपसने आपणहून जोडलेले की-वर्ड न घेता लेखकांनी दिलेलेच घ्यावेत. नाहीतर नकाशाच्या मध्यभागी ‘ह्यूमन’ आणि ‘आर्टिकल’ असे निरर्थक शब्द मोठ्या वर्तुळांत बसतात. दोन, एकाच अर्थाच्या शब्दांची यादी करून ते एकत्र करावेत. तीन, शब्द किमान किती वेळा आला तर तो नकाशात घ्यायचा, ही मर्यादा बदलून नकाशा निदान तीनदा काढावा. मर्यादा थोडी हलवताच जो गट नाहीसा होतो, त्यावर एकही परिच्छेद लिहू नये.

क्षेत्राचा पाया कोणता हे पाहायचे असेल तर सह-संदर्भांचा नकाशा काढावा, म्हणजे कोणते दोन निबंध एकत्र उद्धृत होतात ते पाहावे. आज काय चालू आहे हे पाहायचे असेल तर समान संदर्भसूची असलेले निबंध जोडावेत, कारण नव्या निबंधांना अजून कोणी उद्धृत केलेले नसते, पण त्यांची स्वतःची संदर्भसूची पहिल्या दिवसापासून असते. या दोहोंची गल्लत प्रबंधांत वारंवार होते, आणि मग दहा वर्षांपूर्वीचा कल आजचा म्हणून मांडला जातो.

भारतीय लेखनाकडे पाहताना

भारतीय लेखनासाठी कायद्याच्या तारखा आलेखावर उभ्या रेषांनी दाखवाव्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, त्यातील २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कलम ६६अ हे कल वाचण्याच्या दृष्टीने फार शिकवणारे उदाहरण आहे. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि या कलमावर देशभर चर्चा सुरू झाली. त्याविषयीचे लेखन संगणक गुन्ह्याखाली मोजायचे की अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली, हे आधी ठरवावे लागते, कारण त्या निर्णयावर २०१२ ते २०१५ या काळातला भारतीय आलेख कसा दिसणार हे अवलंबून राहते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून अनेक देशांतून रोकड काढली गेली आणि स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेद्वारे हाँगकाँगला पैसे वळवले गेले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे होते. अशा घटनेचे पडसाद संशोधनात कधी आणि कोणत्या शाखेत उमटले, हे पाहणे हा नवशिक्या अभ्यासकासाठी चांगला सराव आहे. व्यवस्थापनशास्त्र, कायदा आणि संगणकशास्त्र यांतून आलेले निबंध वेगळे करावेत, आणि त्यांतल्या किती जणांनी न्यायालयीन कागदपत्रे पाहिली व किती जणांनी केवळ बातम्या वाचल्या, हे मोजावे.

निबंधांचा दर्जा तपासणे आता पूर्णपणे आपल्यावर आले आहे, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतील लेखन ओळखण्यासाठी संपादक मंडळ, परीक्षणास लागलेला काळ आणि संदर्भांची अचूकता पाहावी. मागे घेतलेले निबंध रिट्रॅक्शन वॉचच्या साठ्यातून गाळावेत. तो २०२३ पासून डीओआय क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांना खुला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संदर्भ मिळवले असतील तर प्रत्येकाचा डीओआय उघडून पाहावा, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले निबंधही खऱ्या लेखकांच्या नावावर देतात.

सध्याची दिशा कोणती, असे परीक्षक विचारतील. २०२४ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेला जागतिक सायबर गुन्हे निर्देशांक ९२ तज्ज्ञांच्या मतांवर आधारलेला आहे, त्यात रशिया पहिल्या आणि भारत दहाव्या स्थानी आहे. गुन्हेगार कोठे बसलेले असतात, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली जात असावी. नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुणही अशा तळांवर सापडले आहेत. येथे फसवणारा माणूस स्वतःच पीडित असतो, आणि आजवरचे बहुतेक सिद्धान्त गुन्हेगार व पीडित या दोघांना वेगळे धरून चालतात. ज्यांना विषय निवडायचा आहे त्यांनी परतलेल्या तरुणांच्या मुलाखतींचा विचार करावा. मात्र अशा कामाला आपल्या संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी, संगणकविषयक संशोधनाच्या नीतितत्त्वांवरील २०१२ चा मेन्लो अहवाल वाचावा, आणि मुलाखत देणाऱ्यावर खटला चालू असू शकतो हे ध्यानात ठेवून त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील टिपणात ठेवू नये.

प्रबंध सादर करताना शोधसूत्रे, तारखा, वगळलेल्या नोंदींची कारणे आणि हाताने भरलेला तक्ता परिशिष्टात जोडावा. तक्त्यातील निदान एक-पंचमांश ओळी दुसऱ्या वाचकाकडून स्वतंत्रपणे भरून घ्याव्यात आणि दोघांमधील एकमताचे प्रमाण जेकब कोहेन (वर आलेले कोहेन वेगळे) यांच्या कप्पा या, योगायोगाने होणारे एकमत वजा करणाऱ्या मापाने द्यावे. ज्या रकान्यात एकमत कमी पडेल, त्या रकान्याची व्याख्या पुन्हा लिहून सर्व ओळी नव्याने भराव्यात.